बांधणाऱ्याने आधी बसायचं

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे मलाही कळतं. पण ही हकिगत सांगताना दर वाक्याला 'आमचे हे, आमचे हे' करत बसले, तर ऐकणाऱ्याला वाटेल हिला उचकी लागलीय. म्हणून आनंदाच म्हणते. देवाला राग यायचा असेल तर येऊ दे. त्या शिमग्यात त्याने आमची जी शोभा केली, त्याच्यापुढे आणखी काय रागावणार आहे तो?

आनंदाचे वडील, म्हणजे माझे सासरे, धाकू मेस्त्री. रत्नागिरीच्या मांडवीला होड्या बांधायचे. रानात उभं झाड बघून 'ह्याची नाळ होईल', म्हणजे होडीचं पुढचं टोक, असं सांगायचे आणि वर्षभराने त्याच झाडाची होडी समुद्रात ढकलायचे. कागद नाही, नकाशा नाही. सगळी होडी आधी त्यांच्या डोक्यात तरंगायची, मग पाण्यात. माणूस तोंडाने फटकळ, पण कामात देवमाणूस.

मांडवीत होडीचा एक नियम होता. नवी होडी पाण्यात गेली की पहिल्या फेरीला बांधणाऱ्याने आधी बसायचं, तेही घरच्या माणसांसकट. मालक मागाहून. कुठे फळी हलकी वापरली असेल, सांध्यात कापूस कमी भरला असेल, तर आधी त्याचीच बायकोपोरं पाणी पितील. मी वरच्या गावची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न होऊन आले आणि हळद उतरायच्या आत मला अशा एका होडीत नेऊन बसवलं. भीतीने माझा जीव मुठीत. मामंजी म्हणाले, "ओकायचा तर भायेर ओक. होडी नवी हाय." एवढीच काय ती सुनेची काळजी.

तर अशा माणसाच्या पोटी आनंदा. वडिलांच्या हाताखाली काम शिकत होता, बरा शिकत होता. पण मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षी मुंबईहून बातमी आली, की एका अमेरिकन कंपनीने शिवडीला मोटारी बांधायचा कारखाना काढलाय आणि हाताने बरी असलेली पोरं घेतायत. इथे होड्यांची कामं रोडावली होती. आनंदा आगबोटीत बसला आणि गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

पुढची सहा वर्षं मी शिमग्याची बायको. वर्षातून एकदा नवरा यायचा, पालखी नाचवायचा, पंधरा दिवसांनी परत. मी त्याला बंदरावर पोचवायला जायची. पडावाच्या होड्या भरून माणसं आगबोटीकडे निघाली की बायका पदर तोंडाला लावायच्या. मी रडायची नाही. चिडायची. घरी येऊन भांडी आपटायची. मामंजींना ते कळायचं.

तो आला की मात्र आमच्या पडवीत माणूस मावायचं नाही. सगळ्यांना कारखान्याचं ऐकायचं असायचं. आनंदा सांगायचा, मोठीच्या मोठी शेड आहे. एका बाजूने बोटीवरची लाकडी खोकी आत येतात आणि दुसऱ्या बाजूने मोटारी आपल्या चाकांवर चालत बाहेर पडतात. साहेबाच्या कचेरीत भिंतभर जगाचा नकाशा आहे. जिथे जिथे कंपनी मोटारी बांधते, तिथे तिथे तांबडा बावटा टोचलाय. विलायतेत आहे, आफ्रिकेत आहे, जपानात, जाव्यात, ऑस्ट्रेलियात आहे. आणि एक मुंबईला. मांडवीतले जहाजावर जाऊन आलेले म्हातारे ती नावं ऐकून माना डोलवायचे, कारण त्यातली निम्मी बंदरं त्यांनी पाहिलेली. आमचा पोरगा जाव्याच्या आणि विलायतेच्या पंगतीला जाऊन बसला, म्हणून सगळ्या मांडवीला कौतुक.

"आमी मोटारी बांधतो," आनंदा म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. कारखान्यात सगळे तसंच म्हणायचे.

मामंजी लोकांना सांगताना 'आमी' गाळून टाकायचे. "माजा पोरगा मोटारी बांधता." बंदरावर, देवळात, बाजारात, कोणी विचारो न विचारो. सहा वर्षं जो आमच्या वाडीत, म्हणजे होड्या बांधायच्या जागेत, राहिला असेल तो पोरगा पुरी होडी एकट्याने उभी करतो, हा त्यांचा अनुभव. मग मोटारीची वाडी वेगळी कशी असेल? हे त्यांच्या मनात आलं नाही, माझ्या आलं नाही, मांडवीत कोणाच्याच आलं नाही. आनंदाच्याही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी पालीच्या काशीराम शेटने नवी मोटार घेतली, आनंदाच्याच कंपनीची. पाली ते रत्नागिरी माणसं न्यायची-आणायची. काशीराम हिशेबी गडी, पण हलक्या कानाचा नाही आणि मनाने वाईट नाही. कोल्हापूरच्या वाटेवर मोटारी वाढल्या होत्या आणि एखादी बिघडली की पार कोल्हापूरहून माणूस आणावा लागायचा. काशीराम मामंजींना म्हणाला, तुमचा मुलगा मुंबईला लोकांच्या मोटारी बांधतो, तो इथेच का येत नाही? पालीला रस्त्याला लागून माझी जागा आहे. शेड घाला, दुकान काढा. माझ्या मोटारीचं काम त्याच्याकडे, आणि दुसऱ्याही येतील.

माझ्या कानावर हे पडलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सगळे सूपभर तांदूळ परत एकदा निवडले, कारण पहिल्यांदा काय निवडलं ते आठवेना. नवरा घरी येणार होता. कायमचा. मला दुसरं काही नको होतं. सोनं नको, मुंबई नको, मोटार तर नकोच नको.

मामंजींनी एका होडीसाठी म्हणून राखून ठेवलेलं फणसाचं लाकूड काढलं आणि पालीला शेड उभी केली. शेड कसली, उलटी होडीच ती. आनंदा शिमग्याला आला, शेड बघून आला आणि हसत म्हणाला, "आबा, ही वाऱ्यान उडायची नाय, पण भरती आली तर तरंगंल." तो खूश होता. मुंबईला नोटीस द्यायला एकदाच परत जाईन म्हणाला, आणि मग झालं. मी देवीला नवस बोलून मोकळी झाले. नवस फेडायच्या साडीचा रंगसुद्धा ठरवला.

आणि मग मामंजींनी तो नियम काढला.

मोटारीची पहिली फेरी रत्नागिरीहून पालीला जायची होती. काशीराम स्वतः हार घेऊन पालीला वाट बघणार होता. मामंजी त्याला म्हणाले, "होडी काय नि मोटर काय. लोकांना बसवायचा तर बांधणाऱ्यान आदी बसाया होवा. बांधलान कोणी? माज्या पोरान. आमी घरची तिगा पुढं बसतो. मंग कोण भिणार नाय." काशीरामला हे एकदम पटलं. लोक मोटारीला भीत होते, विशेषतः बायका. धाकू मेस्त्रीने बांधलेल्या होडीत डोळे मिटून बसणारी माणसं त्याच्या मुलाने बांधलेल्या मोटारीतही बसतील, हे त्याने ओळखलं. बाजारात तशी दवंडीच पिटली म्हणा ना. आनंदा जरा घुटमळला. "आबा, ही कुठल्या पाळीत बांधली, आमच्याच का, ता काय..." असं काहीतरी म्हणाला. मामंजींनी हात झटकला. वाडी एकच ना? झालं तर.

सकाळी मोटार भरून निघाली. निळा रंग, ऊन पडलं की डोळे दिपावेत अशी. चालवायला विठू नावाचा कोल्हापूरकडचा ड्रायव्हर. वयाने आनंदापेक्षा लहान, जिभेने मोठा. पुढे आम्ही तिघं, मागे माणसं, टोपल्या, कोंबड्या. माझ्या पाठीशी सोनूबाई बसली होती, पालीच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. सगळ्या वाटेने ती बोलत होती. "मी काय बसणार नव्हती हो, पन मेस्त्रीनू, तुमी बसलावत म्हनताना बसली." मामंजींनी मान वळवली नाही, पण त्यांचे कान हसत होते.

हातखंब्याचा चढ लागला. मोटार खोकली. दोन आचके दिले आणि उभी राहिली.

विठू उतरला, पुढे जाऊन हँडल मारलं. नुसती घरघर. परत मारलं. मग त्याने घाम पुसला, पुढचं झाकण उघडून वर केलं आणि तिथेच रस्त्याकडेच्या जांभ्यावर बसून विडी पेटवली.

"आता बांधणारा संगट हाय म्हटल्यावर आमी कशाला मदी लुडबूड करायची?" तो म्हणाला. "या मेस्त्री. बगा तुमच्या लेकीला काय झालंय."

त्यात खवचटपणा होता, पण फारसा नव्हता. आणि मामंजींना तर तो मानच वाटला. त्यांनी आनंदाला कोपराने ढोसलं. "जा. दाखव."

आनंदा उतरला आणि त्या उघड्या इंजिनापुढे जाऊन उभा राहिला. बघत राहिला. मागचे लोक एकेक करून उतरले आणि भोवती जमले. कोणीतरी काहीतरी बोललं, तर मामंजींनी त्याला गप्प केलं. "बोलू नका. तो बगताय." त्यांची स्वतःची तीच रीत होती. होडीत पाणी येऊ लागलं म्हणून कोणी बोलवायला आलं, की ते विडा संपेपर्यंत नुसते बघायचे, मग बरोबर त्या फळीवर हात ठेवायचे. मीही निर्धास्त होते. मनात म्हटलं, आता ठेवील हात.

त्याने हात पुढे केला. कुठल्याशा नळीला बोट लावलं, चटका बसला, मागे घेतलं. परत पुढे केला आणि तो हात तसाच हवेत राहिला. कुठे ठेवावा हे त्या हाताला माहीत नव्हतं.

मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. रंग पार उडालेला. तो इंजिनाकडे असा बघत होता, की जणू जन्मात पहिल्यांदा बघतोय.

तो तिथून हलला. मोटारीला वळसा घालून मागे गेला आणि मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला. तिथे मात्र त्याचे हात न सांगता चालायला लागले. चाकाच्या एकेका नटावरून बोटं फिरली, इतकी भरभर की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. मग तो उठून म्हणाला, "चाक बरोबर हाय."

"चाकाला काय धाड भरली?" सोनूबाई म्हणाली. "मोटर पुढून बंद पडलीय."

"मला ह्या चाकाचा ठाव हाय," आनंदा म्हणाला.

कोणी हसलं नाही. हसायला आधी कळावं लागतं. पहिल्यांदा कळलं ते विठूला. त्याने विडी टाकली, मुकाट्याने उठला, इंजिनावरची एक बारकी नळी सोडवली, तोंडाला लावून फुंकली, थुंकला, परत फुंकली. तळहातावर गंजाची खपली पडली. पेट्रोलच्या डब्यातला गंज असेल, म्हणाला. नळी जागच्या जागी बसवून हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. लोक हुश्श करून आपापल्या जागा धरायला धावले.

मामंजी मात्र धावले नाहीत. ते आनंदासमोर उभे होते आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता.

"सा वरसां काय करीत होतास?"

"चाक बसवीत होतो."

"आनि दुसरा चाक?"

"त्येला दुसरा माणूस हाय."

"आनि ह्या?" त्यांनी इंजिनाकडे बोट केलं.

"ता खोक्यातना बंद येता. आमी उघडीत नाय, आबा. जोडून म्होरं ढकलतो."

"मंग ता केलान कोणी?"

"तिकडं. अमेरिकेत."

"कोणी पन?"

आनंदाने खांदे उडवले नाहीत, त्याला ते जमलंही नसतं. तो विचार करून म्हणाला, "तिकडंपन असाच असंल. एक माणूस, एक काम."

 मामंजींचा हात मोटारीच्या पुढच्या चाकावरच्या पंखावर होता. "सगळी मोटर ज्याच्या डोस्क्यात हाय, असा माणूस कुठं तरी असंल ना?"

"असंल. मी बगलेला नाय."

"मंग पयल्यांदा हिच्यात बसता कोण?"

"चालवून बगणारा एक हाय. पगारी."

"तो बांधणारा?"

"नाय."

मामंजींनी पंखावरचा हात काढून घेतला. मी त्यांना वादळात पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.  एवढी मोठी वस्तू, एवढी माणसं तिच्यात बसतात, आणि 'ही माझी' म्हणून छातीवर हात ठेवणारा एकही माणूस जगात नाही? हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि खरं सांगते, माझ्याही शिरत नव्हतं. पण मला घोर होता तो वेगळा. मला समोर पालीची ती शेड दिसत होती. तिच्यात हा काय करणार? येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारीचं मागचं डावं चाक?

आनंदा माझ्याकडे वळला. "राही, मला खरंच वाटायचा मला येता. रोज डोळ्यापुढना जायाच्या गो. रोज."

 मी चिडणारी बाई. पण चिडायलाही अंगात काही बळ लागतं.

तेवढ्यात मामंजी मोटारीच्या मागच्या बाजूला गेले आणि बसलेल्या सगळ्या माणसांना हात जोडले. "मी तुमाला बांधणारा हिच्यात हाय म्हनून सांगितला. तो हिच्यात नाय. माजी चूक झाली. ज्याला उतरायचा त्यान उतरावा." विठू म्हणत होता, अवो म्हातारबा, मोटर चांगली हाय, घाण पेट्रोलात हुती. पण लोकांनी मामंजींचा चेहरा पाहिला होता. निम्मी माणसं उतरली. सोनूबाई टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली आणि जाताना आनंदाकडे अशा नजरेने बघून गेली, की शिवी परवडली असती. आम्ही तिघं मांडवीच्या दिशेला वळलो. 

दुसऱ्या दिवशी काशीराम आला. पालीला हार घेऊन उभा असलेला माणूस, आणि अर्धी रिकामी मोटार त्याच्यासमोर येऊन थांबली होती. त्याचा संताप मी समजू शकते. पडवीत चढलाच नाही. अंगणातूनच म्हणाला, "मेस्त्रीनू, तुमी मला तोंडघशी पाडलात. दुकानाचा विषय संपला. शेडीचा लाकूड तुमचा, कवाही न्या." मग जाता जाता थांबला आणि आनंदाला म्हणाला, "विठूला किलीनर होवाय. मोटर धुवायची, पाणी भरायचा, हँडल मारायचा. येणार असशील तर ये."

तो टोमणा होता की खरंच विचारलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. आनंदाने टोमणाच धरला. काशीराम फाटकाबाहेर जातो न जातो तोच त्याने ट्रंक ओढली आणि कपडे भरायला लागला. दोन दिवसांनी आगबोट होती.

मी ट्रंकेवर बसले. बाईमाणसाने असं करू नये, पण दुसरा इलाज नव्हता.

"ऊठ," तो म्हणाला.

"जावा की किलीनर म्हनून," मी म्हटलं. "त्यात काय झाला?"

"काय झाला? मांडवीत लहान पोरापासना सगळ्यांना ठावक हाय, आनंदा मोटारी बांधतो. तो आनंदा आता मोटर पुसणार? तीपन त्या विठूच्या हाताखाली? माज्यापेक्षा ल्हान हाय तो. हातखंब्याला त्यान माजी..."  मग खाली बसला. "मुंबईत कोण हसत नाय. तिथं मला माजा काम येता. माज्यासारका चाक कोण बसवीत नाय, सायेब सोता म्हणालाय."

"आनि तुमी उद्या गेलाव नाय तर? ता चाक तसाच ऱ्हाईल?"

तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "फाटकाभायेर माणसं उभी असतात, राही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत माज्या जागंवर दुसरा उभा ऱ्हाईल. त्या नकाशावर जिथं जिथं बावटा हाय ना, तिथं तिथं त्या चाकापाशी एक माणूस हाय. जाव्याला हाय, जपानात हाय. आनंदा एक नाय, ढीगभर हायत."

किती वर्षं आम्ही त्या बावट्यांचा अभिमान धरून बसलो होतो. एवढ्या जगात आमच्या माणसाला जागा आहे म्हणून. आणि ती जागा काय होती, तर कोणीही येऊन उभं राहावं अशी. माझ्या मनात त्या जाव्याच्या बाईचा विचार आला. ती पण अशीच ट्रंकेवर बसली असेल का, की तिने कधीच सोडून दिलं असेल?

मग मात्र माझा राग परत आला. बरं झालं आला.

"तिथली तुमची जागा जेवणाच्या सुट्टीपातूर रिकामी ऱ्हाणार नाय," मी म्हटलं. "हितली सा वरसां रिकामी हाय. हितं मी दुसरा माणूस उभा नाय केला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही नजर काढली नाही. पण तो हो म्हणाला नाही. ट्रंकेवरून मी उठले नाही, त्याने मला उठवलं नाही, एवढंच. पडवीत मामंजी होते, पाठ करून बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं असणार. आमच्या भिंती कुडाच्या.

सकाळी मी चूल पेटवत होते, तर मामंजी धुतलेलं धोतर नेसून तयार. हातात नारळ, पानाचा विडा. आनंदाला म्हणाले, "चल." कुठे, ते सांगितलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूपन." मला वाटलं, माझा नवस. पण वाट देवळाची धरली नाही. कुवारबाव मागे पडलं, खेडशी मागे पडली. हातखंब्याला ते थांबले नाहीत, वळूनही बघितलं नाही. भर उन्हात सगळं अंतर म्हातारा चालत होता आणि त्यांच्या मागून आम्ही.

पालीला पोचलो तेव्हा बाजार भरलेला. शेडीपुढे मोटार उभी, विठू तिच्याखाली पाठीवर निजलेला, नुसते पाय बाहेर. काशीराम आपल्या दुकानाच्या पायरीवर. आम्हाला बघून बाजारातली माणसं वळली. सोनूबाईचा मासळी निवडणारा हात थांबला.

होडीच्या वाडीवर पोरगा कामाला ठेवायचा असला, की बाप त्याला घेऊन येतो. मेस्त्रीपुढे नारळ-विडा ठेवतो, वाकून नमस्कार करतो आणि सांगतो, ह्याचे हात आजपासून तुझे. असे कितीतरी बाप माझ्या सासऱ्यांपुढे वाकलेले मी बघितले होते. बापाने वाकायचं, पोराने नाही. पोराला अजून वाकायची अक्कल नसते म्हणून. मामंजींना स्वतःला ते कधी करावं लागलं नव्हतं. त्यांचा मुलगा त्यांच्याकडेच शिकला होता.

त्यांनी त्या बाजारात, मोटारीबाहेर आलेल्या त्या पायांपुढे नारळ ठेवला.

विठू बाहेर आला. हात काळे, तोंड काळं. नारळ बघितला, म्हातारा बघितला आणि एरवी जिभेने मोठा असलेला तो गडी चाचरायला लागला. "काय ओ हे... म्हातारबा, मी काय..."

"ह्यो माजा पोरगा," मामंजी म्हणाले. आवाज चढवून म्हणाले, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. सहा वर्षं ज्या आवाजात सांगत आले होते, त्याच आवाजात. "ह्याला काय येत नाय. अगदी पयल्यापासना शिकव. चुकला तर मार. ह्याचे हात आजपासना तुजे."

आणि ते वाकले. विठूच्या तेलकट पायांपर्यंत.

आनंदा पुढे धावला, "आबा, नको, आबा" करत. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याला वडिलांना उचलवेना, म्हणून तोही तिथेच खाली बसला आणि त्याने डोकं टेकलं.

मला हवं ते सगळं मिळालं होतं. नवरा आगबोटीवर जाणार नव्हता. आजही गेलेला नाही, मोटारीचं इंजिन उघडून परत बसवतो आणि आधी स्वतः चालवून बघतो. पण तेव्हा मला पुढचं काही दिसत नव्हतं. धुळीत वाकलेली ती म्हाताऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. बंदरावर मी कधी रडले नाही. पालीच्या भर बाजारात रडले, मोठ्याने, लाज सोडून, आणि सोनूबाईने उठून मला धरलं.